‘वेव्ह’ या शब्दाला उदाहरण द्या

धुळ्यात भर एप्रिलमध्ये ‘वेव्ह’ हा शब्द शिकवायचा, म्हणजे परीक्षा शिकवणारीचीच. गाईडमध्ये पहिला अर्थ दिलेला असतो समुद्राच्या पाण्याची लाट. आमच्या पोरांनी पाहिलेलं मोठं पाणी म्हणजे पांझरा नदीचं, आणि एप्रिलात पांझरेत पाण्यापेक्षा क्रिकेट जास्त असतं.

“मॅडम, समुद्र सोडून दुसरं काही नाही का?” एका मुलीने विचारलं.

आहे ना. मी फळ्यावर लिहीत गेले. उभ्या गव्हातून जाणारी लहर. निवडणुकीतली लाट. केसांचा कुरळेपणा, ज्यासाठी पार्लरवाली वेगळे पैसे घेते. निरोपाला हलवलेला हात. उष्णतेची लाट. या शेवटच्या अर्थाला सगळ्या वर्गाने मान डोलावली. तेवढी एकच लाट आमच्याकडे न चुकता येते, आणि ती आली की लाईट जाते.

मुख्याध्यापकांना एवढ्याने समाधान नव्हतं. सुट्टीआधी त्यांना समानार्थी शब्दांचा तक्ता हवा होता, प्रत्येकापुढे मुलांच्या जीवनातलं उदाहरण. रिपल म्हणजे तरंग, सर्ज म्हणजे उसळी, फ्लटर म्हणजे फडफड, ट्रेमर म्हणजे कंप. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी निघाले तेव्हा तो तक्ता मी पर्समध्ये टाकला, म्हटलं एसटीत होईल. एसटीत फक्त घाम आला.

माहेर पारोळ्याजवळच्या खेड्यात. अखाजीला खान्देशातल्या लेकी माहेरी येतात, कडुलिंबाला झोके बांधतात, आमरस ओरपतात आणि सासरच्यांना नावं ठेवतात. आमच्या घरी याशिवाय आईचे मांडे. पुरण भरलेला उंडा जरासा लाटायचा, मग दोन्ही हातांवर घेऊन खेळवायचा. या हातावरून त्या हातावर तो हेलकावत जातो आणि मोठा होत होत कोपरापर्यंत येतो. मग चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद सोडायचा. गावात कुणाकडे लग्न असलं की खापराशी बसायला आईलाच बोलावणं असे. वडील गेल्यावरही तिने ती जागा सोडली नव्हती. खरं सांगायचं तर त्या जागेनेच तिला सावरलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी वहिनीचा फोन आला. आवाज इतका खाली, की मला वाटलं दादाने काही दिवे लावले.

“आईंचा उजवा हात थरथरतो हल्ली. डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. तुम्हाला माहीत आहे असं दाखवू नका. मांडे मी अमळनेरच्या बायकांकडून मागवलेत. आल्यावर बघू.”

‘आल्यावर बघू’ हा आमच्या घराण्याचा सगळ्या आजारांवरचा इलाज आहे.

मी पोचले तेव्हा आई ओट्यावर बसली होती, उजवा हात पदराखाली. तिने डाव्या हाताने पाणी दिलं, डाव्या हाताने माझा गाल कुरवाळला. डाव्या हाताने कधी प्रसादसुद्धा घेऊ न देणारी बाई! माझ्या दोन्ही बहिणी आधीच आल्या होत्या. आम्ही तिघी झोक्यावर बसून मोठमोठ्याने हसत होतो आणि पदराकडे कुणीच बघत नव्हतं. इतकं एकजुटीने न बघणं आम्हाला एरवी कुठल्याच कामात जमलेलं नाही.

दुपारी मांड्यांचा डबा आला. आईने झाकण उघडलं, एक मांडा उचलून उजेडात धरला आणि वहिनीकडे पाहिलं.

“आते मांडाबी इकत? माले काय धाड भरनी?”

“आई, ऊन फार आहे. आणि तुम्ही...” वहिनी अडखळली.

“ऊन काय आज पहिलेंदाव पडनं का? चूल पेटाड.”

चूल पेटली. अंगणात उष्णतेची लाट, स्वयंपाकघरात तिची थोरली बहीण. आई खापराशी बसली, दोन्ही बाह्या वर केल्या, आणि दिवसभर लपवलेला हात सगळ्यांसमोर बाहेर आला. तो उंड्याआधीच हलत होता.

तिने मांडा हातांवर घेतला. डावीकडून तो अगदी पूर्वीसारखा निघाला, सैल, रुंदावत. उजव्या हातावर आला आणि तिथे त्याची चाल मोडली. आईने दात आवळले, कोपर अंगाशी धरलं, पुन्हा खेळवायला गेली. मांडा मधोमध फाटला आणि अर्धा खापरावर, अर्धा चुलीच्या तोंडाशी पडला. पुरण जळाल्याचा गोड वास घरभर झाला.

मला इंग्रजीतले किती तरी शब्द येतात. त्यातला एकही तेव्हा आईला सांगण्याजोगा नव्हता.

आईने खापरावरचा तुकडा उलटला, भाजला, ताटलीत टाकला. “आसं काय देखतंस? खाई ल्या,” ती म्हणाली. मग हात धुतले, उठली आणि वहिनीला म्हणाली, “तू बठ.”

वहिनी बसली. तिचाही पहिला मांडा फाटला. आई दारात उभी राहून शांतपणे बघत होती, हात पुन्हा पदराखाली. दुसरा त्याहून वाईट झाला. शेवटी जेवणाला अमळनेरचेच मांडे होते. आईने त्यांना जाडपणापासून गोडीपर्यंत नावं ठेवली आणि पोटभर खाल्ले. आम्हीही खाल्ले. चांगले होते, हे कुणी कबूल केलं नाही.

संध्याकाळी मी निघाले. आई फाट्यापर्यंत आली. एरवी निरोपाला हात हलवणं तिला अजिबात पसंत नव्हतं. मी बसच्या खिडकीतून हात केला की ती खालून ओरडायची, “हात काय हालाडस? परत कव्हय येशी ते सांग!” आणि बस सुटण्याआधीच पाठ फिरवून घराकडे चालू लागायची.

या वेळी मी मुद्दामच हात केला नाही. म्हटलं, उगाच तिचं लक्ष हाताकडे जायला नको. बस सुटली, मी सवयीने मागे पाहिलं. ती तिथेच उभी होती. पदर बाजूला सारून तिने उजवा हात उंच केला आणि हलवायला लागली, जोरजोरात, लहान पोर हलवतं तसा. मला आधी हसू आलं, म्हटलं म्हातारीला शहरी चाळे सुचले. मग कळलं, आणि डोळ्यांना पदर लावावा लागला. हलवलेल्या हातात थरथर दिसत नाही. दिवसभरात तो हात निर्धास्तपणे उघडा ठेवायला तिला एवढी एकच जागा सापडली होती, आणि बस वळणाआड जाईपर्यंत तिने तो खाली घेतला नाही.