सॅकला बांधलेला कप

गेल्या रविवारी सकाळी भाट्याच्या पुलापाशी पाठीवर सॅक घेऊन उभी होते. चाळिशी उलटलेली बाई, पायात नवे कोरे बूट आणि आजूबाजूला गाइडच्या गणवेशातल्या शाळकरी मुली... येणारे-जाणारे वळून बघत होते.

झालं असं, की आमची सानिका आठवीत आहे आणि शाळेच्या गाइड पथकात आहे. या सुट्टीत त्यांचा सह्याद्रीत आठवडाभराचा ट्रेक आहे. आपलं ओझं आपणच उचलायचं, रोज चालायचं, मिळेल तिथे मुक्काम करायचा. बाकी सगळ्या घरांतून होकार गेले होते, फक्त आमचा राहिला होता.

सानिका अगदी लहान असताना तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय. जन्मतः छिद्र होतं. डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय, आता ती इतर मुलींसारखीच आहे, खुशाल धावू दे. तिचे बाबा लोट्याला कंपनीत असतात, सुट्टीला घरी येतात. तेही फोनवर म्हणाले, जाऊ दे तिला.

पण मला नाही जमत. मी अजून तिच्या मागूनच चालते... बाजारात, जिन्यावर, समुद्रावर फिरताना. तिचे खांदे कसे वरखाली होतात त्यावरून तिचा श्वास मला कळतो. तिला हे आवडत नाही, तेही कळतं.

नकार सांगायला मी शाळेत गेले, तर गाइडच्या सुर्वे मॅडमनी वादच घातला नाही. म्हणाल्या, "ताई, रविवारी सराव आहे, तुम्हीपण चला. सॅक घेऊन हां, मोकळ्या हातानं नको. वर पोचलात की काय ते सांगा." आता याला नाही कसं म्हणणार?

तर सराव. सॅकमध्ये वजन हवं, आणि कोकणातली घरं... सगळ्यांनी नारळ भरले होते. माझी सॅक सानिकानं भरली होती आणि हात काही आखडता घेतला नव्हता.

निघण्याआधी मॅडमनी सगळ्यांच्या सॅक तपासल्या. बाहेर काही लटकता कामा नये, झुडपात अडकतं, असं म्हणून दोघींच्या बाटल्या आत ठेवायला लावल्या. आणि चालायला लागल्यावर बघते, तर आमच्या बाईसाहेबांच्या सॅकला स्टीलचा कप बांधलेला. प्रत्येक पावलाला बकलावर आपटून टिंग... टिंग. म्हटलं, या मुलीला ऐकायलाच येत नाही.

सुरूच्या बनापर्यंत सगळं ठीक होतं. सानिका रांगेत मध्ये, मी तिच्या मागे, नेहमीसारखी. पुढे पाखाडी लागली. बागांमधून वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाट कातळावर जाणारी जांभ्या दगडाची पायऱ्यांची वाट. अर्ध्यावरही पोचले नाही आणि माझ्या छातीचा भाता सुरू झाला. पाय उचलला की पाठीवरचे नारळ घरंगळायचे.

सानिका थांबली. म्हणाली, तू पुढे हो. मी म्हटलं, तू चल, मी येते मागून. तेवढ्यात मॅडमनी नियम सांगितला... सगळ्यात हळू चालणारी सगळ्यात पुढे. बाकीच्यांनी तिच्या चालीनं चालायचं, नाहीतर मागचं माणूस सुटलं तरी पुढच्यांना पत्ता लागत नाही.

सगळ्यात हळू म्हणजे मी. घरून निघताना मला खात्री होती, की ती जागा माझ्या लेकीची असणार.

पुढे झाले. समोर नुसत्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना बागांच्या कुंपणाचे दगडी गडगे. सानिका माझ्या पाठीमागे. एवढ्या वर्षांत चढावर ती माझ्या नजरेसमोर नाही, असं पहिल्यांदाच झालं होतं. दोनदा वळून बघायला गेले, दोन्ही वेळा पाय सरकला. मुकाट्यानं समोर बघत चढायला लागले.

आणि तेव्हा तो कप ऐकू आला. टिंग... टिंग. न अडखळता, न घाई करता. सकाळपासून ज्याचा राग येत होता, त्याच आवाजाला धरून मी चढत राहिले.

मग तो थांबला.

हॉस्पिटलचा तो कॉरिडॉर, ते बंद दार, सगळं एका क्षणात डोळ्यांसमोर आलं. गडग्याला धरून मागे वळले... तर सानिका गुडघ्यावर बसून एका मैत्रिणीची लेस बांधत होती. त्या मुलीला पाठीवरच्या ओझ्यानं वाकता येत नव्हतं. सानिकाचा चेहरा लाल झालेला, घामानं निथळत होती, बाकी ठणठणीत. तिनं वर बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "आई, पुढे बघ."

सड्यावर पोचलो. वारा होता, खाली समुद्र होता. मुलींनी जांभ्यावर आपटून नारळ फोडले. सानिकानं कप सोडला, त्यात पाणी धरून मला दिलं. मी विचारलं, मॅडम नको म्हणाल्या होत्या ना, तरी बाहेर का बांधलास?

"त्यांना विचारून बांधला होता. तू पुढे असणार हे मला माहीत होतं. सारखी मागे वळून पडली असतीस. ऐकू येत होतं ना?"

माझी भीती मी छान लपवलीये असं मला इतकी वर्षं वाटत होतं. पोरीला सगळं दिसत होतं, आणि रागावण्याऐवजी तिनं माझी सोय केली होती.

उतरायला लागण्याआधीच मॅडमना हो म्हणून टाकलं. त्या फक्त हसल्या. मला न समजावल्याबद्दल त्यांचे आभार कसे मानायचे, मला अजून सुचलेलं नाही.

उद्या सकाळी मुली निघतायत. आज तिची सॅक भरताना तो कप हातात आला. दोरी अजून त्याच्या कानाला तशीच होती. क्षणभर वाटलं, बांधावा बाहेर... पण मी तिथे ऐकायला असणार आहे थोडीच. दोरी सोडली, कप तिच्या स्वेटरमध्ये गुंडाळला आणि सॅकच्या तळाशी ठेवला.

सॅक उचलून हलवून बघितली. काही वाजलं नाही.