शाडूतलं नाव

"ओ बाबा! हाथ हटाओ! दीवार से हाथ हटाओ!"

दिल्लीच्या युद्धस्मारकावरचा पहारेकरी ओरडत धावत येत होता, आणि आमचे जोह्याचे हवालदार, वय पंच्याहत्तरच्या पुढे, भिंतीवर कोरलेल्या एका नावावर शाडूच्या मातीचा गोळा अंगठ्याने दाबत उभे होते. माती जेवणाच्या डब्यातून आणलेली. दारावरच्या तपासणीत विचारलं, तर म्हणाले, "खाने का है."

हवालदारांचा आवाज असा, की त्यांनी पेणच्या स्टँडवर एकदा हाक मारली आणि हमरापूर ओलांडलेली एसटी रिव्हर्समध्ये परत आली. खोटं वाटत असेल तर ड्रायव्हरला विचारा; तो अजून बहिरा आहे. पलटण सुटल्यावर ते जोह्याच्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतींच्या डोळ्यांची आखणी करत. हातात ब्रश आला, की कारखान्यातल्या माश्यासुद्धा पंख मिटून बसत. म्हणायचे, "देवाचा डोळा उघडायचा, तर आपल्या डोळ्यांनी बघितलेलं आधी इसरायला लागतं."

हा सगळा गडगडाट निडी स्टेशनावर उतरला की गप्प होई. तिथे सरूवहिनी राहायच्या. त्यांचा नवरा रामा आणि हवालदार एकाच पलटणीत, एकाच खंदकात. बांगलादेशच्या लढाईत रामा पडला. घरी काय आलं? एक तार आणि एक पत्र्याची ट्रंक. "तारेला अग्नी देऊ काय?" असं विचारून वहिनींनी कुंकू पुसलंच नाही. दरवर्षी गौरींना हवालदार जायचे, आणि भाकरी वाढता वाढता त्या एकच विचारायच्या, "भावजी, तुम्ही ह्यांना डोळ्यांनी बघितलात काय?"

"नाय वहिनी. मी पाणी आणायला गेलो होतो."

जवळजवळ पन्नास वर्षं तेच पाणी.

पुढे वहिनींची नजर गेली. दिल्लीच्या भिंतीवर रामाचं नाव आहे, असं कळलं तेव्हा हवालदार मला म्हणाले, "नुसतं सांगून ती मानायची नाय. हाताला लागलं पायजे. चल."

पहारेकऱ्याला मी माझ्या दिव्य हिंदीत हे सगळं सांगितलं. त्याने नाव वाचलं, हवालदारांकडे बघितलं आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. "जल्दी करो, बाबा."

जोह्याला येऊन हवालदारांनी त्या छापावरून नव्या मातीत सुलटं नाव उतरवलं. निडीला वहिनींनी ती पाटी मांडीवर घेतली. अक्षरओळख नव्हती, तरी एकेका अक्षरात बोट घालून शेवटपर्यंत गेल्या.

"भाजली नाय ना?"

"नाय. कच्चीच हाय."

"मग रोह्याला चला. कुंडलिकेवर."

दोघांनी मिळून पाटी नदीच्या पाण्यात धरली. गणपती विरघळायला रात्र जाते. रामा घटकेभरात गेला. वहिनींनी ओल्या हातानेच कपाळ पुसलं.

"आता तरी सांगा, भावजी. बघितलात काय?"

हवालदार मातीचे हात धुवत होते.

"व्हय. पाणी आणायला मी गेलोच नव्हतो."