गाळलेले ऑक्टोबरचे दिवस

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या वाशीला ठाऊक आहे. तरी ही एक गोष्ट मी बायकोलासुद्धा कळू दिली नाही. तुम्हाला सांगतो – तुम्ही माझे कुणी नाही, बहुधा म्हणूनच.

उपग्रहाच्या नोंदींवरून हवेतला मिथेन काढायचा, हे माझं काम. ऑफिसात बसून. पण बाहेर काय सांगायचो? खाडीकाठी म्हशीनं ढेकर दिला, तर मला वरून तिच्या मालकाचं नाव कळतं! सगळे मला बंडलबाज म्हणत. मी ते मिरवायचोही.

उरणच्या बाजूला, मिठागरांना लागून, एक डम्पिंग ग्राउंड. त्याच्या कुंपणाला टेकून यमुनाकाकींचं घर. भेगांतून वायू येतो, डोकं भणभणतं, कधी पेटेल नेम नाही – गावाची तक्रार. पाइप घालून वायू काढून घ्या, एवढंच मागणं. आहे का वायू, हे मोजायचं काम आमच्याकडे आलं. दिलं कुणी? डम्पिंग चालवणाऱ्या कंपनीनंच.

जागा बघायला गेलो, तर काकी म्हणाल्या, "दादा, आमचा कोन आयकत नाय. तुजा तरी आयकतील ना?"

"काकी, माझं दिल्ली ऐकते!" – मी.

आता नीट ऐका. उपग्रह वास घेत नाही. जमिनीवरून उलटून आलेल्या उन्हातला किती भाग मिथेननं गिळला, ते बघतो. जमीन पांढरीशुभ्र असली की फसतो – नसलेला वायू दाखवतो. इथे तर शेजारीच मीठ. म्हणजे दिसलेला वायू खोटा असेल, ही शंका रास्त होती. इथवर मी प्रामाणिक.

पण ऑक्टोबरात मिठागरांत मीठ कुठलं? नुसतं काळपट पाणी. मी त्या दिवसांच्या नोंदी वेगळ्या काढून बघितल्या. वायू होता. तिथेच, तस्साच.

मग मी काय केलं? ते दिवस तक्त्यातून गाळले. कारण लिहिलं – ढगाळ. कसलं ढगाळ! आकाश काचेसारखं लख्ख होतं. आणि शेवटी लिहिलं : मिठागरांमुळे अनिश्चितता फार, वायू आहे असं म्हणता येत नाही.

साहेबांनी सांगितलं का? नाही हो. ते नुसतं "जपून लिही" म्हणाले. पुढचं माझं मी. बैठकीत कंपनीचा माणूस म्हणाला, "किती संयमी शास्त्रज्ञ!" मला – संयमी! गुदगुल्या झाल्या. जन्मभर राईचा पर्वत केला; एकदाच पर्वताची राई केली, आणि नेमका तेव्हाच लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

पाइप आले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात भेगेनं पेट घेतला. शेळ्या सोडवायला धावलेल्या काकींचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

भेटायला गेलो – सगळं सांगायचं ठरवूनच. त्यांची बोटं आखडलेली. मी शेळ्यांचीच चौकशी करत बसलो. माझं तोंड बघून त्यांनाच माझी कीव आली.

"जाव दे रं दादा. तुज्या मशीनला दिसलाच नाय, तं तू काय करशील?"

"हो ना, काकी," मी म्हणालो. आणि सुनेनं पुढे केलेला चहा प्यायलो.