होळीला निघणारी सफरचंदं

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे शाळेत शिपाईमामांपासून सगळ्यांना ठाऊक आहे. मी स्वतः त्याला शिस्त म्हणते. पाचवीला जगाचा भूगोल शिकवताना त्या शिस्तीने मला एकदा चांगलंच तोंडावर पाडलं.

आमची शाळा वाशीच्या घाऊक बाजारापासून चालत दहा मिनिटांवर. वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांचे वडील तिथे माथाडी, म्हणजे डोक्या-पाठीवरून माल वाहणारे. बहुतेक साताऱ्याकडची माणसं. मी जुईनगरहून येते, कित्येक वर्षं येतेय, पण बाजाराच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. आमच्या सोसायटीच्या दारातच भाजीवाला येतो, फळवाला येतो, मग कशाला जायचं?

जुलै महिना होता. पृथ्वीचं फिरणं शिकवून झालं होतं. चेंडू आणि टॉर्च घेऊन मी झकास दाखवलं होतं, उत्तरेकडे उन्हाळा असतो तेव्हा दक्षिणेकडे हिवाळा. मुलांनी ते एका सुरात तीनदा म्हटलं आणि मी खूश झाले. मग भिंतीवर जगाचा मोठा नकाशा लावला आणि घरचा अभ्यास दिला. घरात परदेशातून आलेली एखादी वस्तू शोधायची, ती कुठून येते, केव्हा येते ते विचारून वहीत लिहायचं आणि तिचं लेबल नकाशात त्या देशावर चिकटवायचं.

दोन दिवसांत चीनवर इतकी लेबलं चढली की ती समुद्रात सांडायला लागली. कुणी मामाने दुबईहून आणलेल्या अत्तराचं खोकं आणलं, कुणी इराणच्या खजुराचं. एका मुलीने सफरचंदांवरचे छोटे स्टिकर आणले होते, सात-आठ, कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेले. तशी अबोल मुलगी, पण भूगोलाच्या तासाला पहिला हात तिचाच वर असायचा. वडील फळबाजारात माथाडी. वहीत तिने लिहिलं होतं, 'ही सफरचंदे न्यूझीलंडहून येतात. तिथे ती होळीच्या वेळी झाडावरून काढतात.'

मी लाल फुली मारली. सफरचंद म्हणजे काश्मीर आणि काश्मीरचा माल दसरा-दिवाळीला, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं, असं माझं मत.

"होळीला कुठे सफरचंदं निघतात गं? काहीही लिहायचं?"

"बाई, पप्पा बोलले. त्यांना माहितीय. त्यांच्याकडे रोज पेट्या येतात."

त्या दिवशी सकाळपासून ऑफिसातून दोनदा बोलावणं आलं होतं, ऑनलाइन माहिती भरायची राहिली म्हणून. डोकं तापलेलं होतं. पण ते निमित्त झालं, कारण नव्हे. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"तुझे पप्पा पेट्या उचलतात," मी म्हणाले. "भूगोल मी शिकवते."

वर्ग हसला. ती वही मिटून खाली बसली. पुढचे दोन दिवस तिचा हात वर आला नाही आणि खरं सांगायचं तर ते माझ्या लक्षातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटताना तिचे वडील आले. मला वाटलं, आता भांडण. मी पदर खोचून तयारच होते. तर तो माणूस चपला बाहेर काढून वर्गात आला आणि हात जोडून उभा राहिला.

"बाई, माज्यामुळं पोरीला बोलणी बसली. सातवीतनं शाळा सोडलेला मानूस मी. चुकलं असंल तर माफ करा. तिला सांगितलंय, बाई म्हणत्यात त्येच खरं."

"पण तुम्हाला होळीचं कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कुनी न्हाय. पेटीवर तारीख असती, आकडं तेवढं कळत्यात. बोटीनं यायला महिना-दीड महिना लागतो. आपला काश्मीरचा माल आटपत आला की तिकडचा सुरू हुतो. बारा वर्सं बगतोय, दरसालचंच हाय. म्हनून मला वाटलं, हितं ऊन चढाय लागतं तवा तिकडं दसरा असंल. पन तुमी म्हणता तर नसंल."

टॉर्च आणि चेंडू अजून माझ्या टेबलावरच होते. उत्तरेकडे उन्हाळा तेव्हा दक्षिणेकडे हिवाळा. मी ते वर्गाकडून घोकून घेतलं होतं, त्यावर एका मार्काचा प्रश्नही काढला होता. आणि या माणसाने पेट्या उचलता उचलता ते आपलं आपण शोधून काढलं होतं. मला फार लाज वाटली.

"दादा, तुमचंच बरोबर आहे. चूक माझी झाली."

तो हसला. बाई मोठ्या मनाच्या, आपलं मन राखतायत, असं त्याला वाटलं असणार. पुन्हा हात जोडून, पोरीला घेऊन तो गेला.

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर उभी राहिले. शिक्षकाने मुलांपुढे चूक कबूल करावी, हे प्रशिक्षणात ऐकायला सोपं असतं. तरी म्हणाले, "त्या दिवशी मी चुकले. तिचं उत्तर बरोबर होतं आणि मी बोलले ते फार वाईट बोलले."

ती उभी राहिली. मला वाटलं, आता हसेल.

"नाय बाई. पप्पाच बोलले, त्यांचं चुकलं म्हणून. त्यांना नाय कळत भूगोल."

कसलाही राग नव्हता त्या आवाजात. धड्याखालचं उत्तर म्हणावं तसं तिने ते म्हटलं. बुंद से गयी वो हौद से नहीं आती म्हणतात, ते काय असतं ते मला तेव्हा कळलं. बापावरचा तिचा विश्वास मी एका वाक्यात उडवला होता आणि माझा मान राहावा म्हणून बापाने स्वतःच त्यावर शिक्का मारला होता. आता माझ्या सांगण्याने तो परत येणार नव्हता. तिच्या बापालाच वर्गात बोलवायला हवं होतं.

शनिवारी काम उरकून तो आला. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. पहिली पाच मिनिटं खडूच्या डब्याशीच बोलत होता. मग एका मुलाने विचारलं, इंग्लिश येत नाही तर कुठली पेटी कुठली ते कसं कळतं, आणि गाडी सुटली. कुठल्या पेटीवर कसलं चित्र, कुठली वजनाला जड, कुठली उघडली की कसा वास येतो, कुठला माल कधी संपतो आणि कुठला सुरू होतो. महिन्यांऐवजी तो होळी, आखाड, गणपती असं सांगत होता. मी फळ्यावर एका बाजूला उत्तर, दुसऱ्या बाजूला दक्षिण लिहून भरत गेले. तक्ता आपोआप तयार झाला. चेंडू घेऊन मला हा धडा कधी इतका चांगला जमला नव्हता.

"आता न्यूझीलंड दाखवा कुणीतरी," मी म्हणाले.

तिचा हात वर आला. माझा जीव भांड्यात पडला.

न्यूझीलंड नकाशाच्या अगदी खालच्या कोपऱ्यात. तिने बोट ठेवलं. ते बघायला बाप उकिडवा बसला आणि वाशीपासून तिथवर नजर नेत राहिला.

"एवढ्या लांबनं येती व्हय," तो पुटपुटला.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "इथे होळीलाच काढतात ना? तुमी बोललेले तसं?"

त्याने पोरीच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. जे त्याला बारा वर्षं ठाऊक होतं, ते स्वतःच्या मुलीला सांगायला तो माझी परवानगी मागत होता.

मी होकाराची मान हलवली. तेव्हा तो म्हणाला, "व्हय."