काकीची नजर आणि आमचे कोंबडे

आमच्या आईने एकदा राग धरला की तो सहजासहजी सुटायचा नाही. मी तिचीच मुलगी, त्यामुळे घरात शांतता अशी कधी नसायची. पण शेजारच्या काकीवर तिने धरलेला राग मला कधीच पटला नाही.

काकी म्हणजे आईची लग्नापासूनची मैत्रीण. एका शिमग्याला आमच्या घरामागच्या परड्यात उभी राहून ती म्हणाली, "काय गो, हा कोंबडा आहे की मोर?" झालं. त्यानंतर आमची पिल्लं वर्षागणिक किडकिडीत निघायला लागली आणि आईने ठरवून टाकलं, काकीची नजर लागली. तसं तिच्या तोंडावर बोलून मोकळीही झाली. येणंजाणं बंद, हळदीकुंकवाचं बोलावणं बंद. मला काकीचं फार वाईट वाटायचं. लहानपणी माझ्या वेण्या तीच घालायची.

दोन हजार सालच्या आसपासची ही गोष्ट. मी रत्नागिरीला कॉलेजात बीएस्सी करत होते. वर्गात नैसर्गिक निवड चालली होती. एकाच कोंबडीची पिल्लंसुद्धा सारखी नसतात, त्यातली जी तगतात त्यांचाच वंश पुढे चालतो. सर बोलत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर आमचा खुराडा.

आमच्याकडे वर्षातून एकदा जागेच्या राखणदाराला कोंबडा देतात, त्याला राखण म्हणतात. देवाला द्यायचा तो सगळ्यात दांडगा. मे महिन्यात मुंबईहून मामा आला की त्याच्यासाठी त्याच्या खालचा. गटारीला उरलेल्यातला बरा. शिवाय जड कोंबडा पटकन हाती लागतो, काटकुळा फणसावर जाऊन बसतो. म्हणजे पिल्लांचा बाप व्हायला मागे उरायचा कोण, तर तो फणसावरचा पळपुटा. इथे निवड निसर्ग करत नव्हता, आम्हीच सुरीने करत होतो. नजर कसली डोंबलाची.

शनिवारी घरी जाऊन मी आईला हे सगळं सांगितलं.

"मग देवाला काय किडूक देऊ?" ती म्हणाली.

"एक वर्ष दे. मोठा राहू दे. पिल्लं चांगली निघाली तर काकीचा दोष नाही."

ती उठून चुलीकडे गेली. खरं तिथेच अडलं होतं. पिल्लं चांगली निघाली तर मैत्रिणीला तोंड कसं दाखवायचं, हे तिला माझ्या आधी कळलं होतं.

राखणीच्या दिवशी तिने लाल तुऱ्याचा थोराड कोंबडा धरला आणि त्याचे पाय बांधले. मी अवाक्षर काढलं नाही, नाहीतर हट्टाने तोच दिला असता. बराच वेळ ती तशीच उभी राहिली. मग पाय सोडले आणि मला म्हणाली, "जा, दुसरा आण." गाऱ्हाणं घालताना म्हणाली, "लहान आहे देवा, गोड मानून घे."

पुढल्या वर्षी पिल्लं भरली. सगळी नाही, पण बरीचशी बापासारखी रुंद छातीची. आई खुराड्यापुढे नुसती बसून राहायची. चिडायचीही नाही, तेव्हा मला तिची काळजी वाटायला लागली. शेवटी एका सकाळी पदर खोचून ती काकीच्या घराकडे निघाली. मी मागोमाग.

काकी ओटीवर तांदूळ पाखडत होती. आत बाळ रडत होतं. तिच्या सुनेला पावसाळ्यात मुलगा झाला होता, आम्हाला ते दुसऱ्यांकडून कळलं होतं.

"माझं चुकलं," आई म्हणाली. "चांगले कोंबडे आम्हीच कापून संपवत होतो. तुझी नजर नव्हती."

काकी सुपातच बघत राहिली. "मलाही वाटायला लागलेलं गो, की असेल माझ्या डोळ्यांत काहीतरी," ती म्हणाली. "म्हणून पोराला अजून धड पाहिलं नाही. सून त्याला न्हाऊ घालते तेव्हा मी पाठ करून बसते. उगाच काही झालं तर?"

आईला रडू आवरेना. ती तशीच आत गेली, सुनेकडून बाळ मागून घेतलं, बाहेर येऊन काकीच्या हातातलं सूप खाली ठेवलं आणि बाळाला तिच्या मांडीवर दिलं.

"बघ," आई म्हणाली. "डोळे भरून बघ."

काकीने आधी आईकडे पाहिलं, मग खाली.