झेंडूच्या पाकळ्या

मी लिहावं एवढा मी मोठा नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मीच पहिला, म्हणून हे धाडस. माफ करा.

शिकता शिकता मी लोकांना कोलाज करून देतो. परवा सहा वर्षांच्या सईचं करत होतो. रंगीत कागदांच्या तुकड्यांतून तिचा चेहरा जमवला आणि शोभेसाठी भोवती झेंडूच्या पाकळ्या चिकटवल्या. आई चहा घेऊन आली ती दारातच थबकली.

"अरे, जित्या पोरीच्या फोटोला हार घालतोस?"

त्याच सकाळी सईचं हृदयाचं ऑपरेशन होतं. तिच्या वडिलांनी मला तसं सांगितलंही होतं. असल्या गोष्टी मी मानत नाही, असं वर्गात मोठ्यानं सांगतो. पण ते शिकणं अजून बोटांपर्यंत पोचलं नसावं. गालाचा कागद फाटू नये म्हणून श्वास रोखून मी एकेक पाकळी नखानं सोलत राहिलो. शेवटची निघाली, तरी डिंकाचा पिवळा डाग राहिलाच. त्या डागाकडे बघत दुपारपर्यंत बसून होतो.

मग तिच्या वडिलांचा फोन आला.

"दादा, शुद्धीवर आली. चित्रात मांजर पाहिजे म्हणते."