मनकर्णा आत्याचं काजळ

दर्यापूरपासून दोन कोसांवर आमचं गाव. आमी माळी. मनकर्णा आत्या लवकर विधवा झाली आन् माहेरीच राहिली. मळ्यात वांगी-मेथी पिकवायची, तुपाच्या दिव्यावर तांब्याची ताटली उपडी घालून काजळ धरायची. रोज सकाळी डबी घेऊन निघाली की गल्लीतल्या साऱ्या पोट्ट्यांच्या डोळ्यांत एकाच बोटानं काजळ घालायची. तिचं बोट गुणाचं, असं आया म्हणत. कोणाचा डोळा गळला तर पदरानं पुसून द्यायची. तिले लेकरू नव्हतं, म्हणून सारी माया आमच्यावर. मी तर तिच्या भावाची लेक, सगळ्यात लाडाची.

फक्त पार्बताबाईच्या घरी ती जात नसे. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघींचं भांडण झालं होतं आन् माझ्या पोट्टीले, जमुनेले, हात लावायचा नाही, असं पार्बताबाईनं बजावलं होतं. आत्याही काही कमी ताठ नव्हती.

इंग्रजांनी वऱ्हाड नागपूरच्या सरकारात घातल्याले दहा-बारा वर्षं झाली असतील. त्या चैत्रात डोळ्यांची साथ आली. माझेच डोळे आधी आले. सकाळी पापण्या चिकटून बसत. आत्याचा जीव खालीवर झाला. दिवसातून तीनदा काजळ, तीनदा पुसणं, आन् त्याच बोटानं, त्याच पदरानं शेजारची पोट्टी. आठ दिवसांत अकरा घरांत डोळे आले. माझा उजवा डोळा तर सुजून बंदच झाला. पोट्टी आंधळी होते का काय, असं मोठी माणसं माझ्या उशाशी बसून बोलत. मी ऐकून राहिली हे एकाच्याही ध्यानात येऊ नये? मोठ्या माणसांले अक्कल कमीच.

एका सकाळी आत्या मळ्यात गेली, तर शेजारच्या वाफ्यात जमुना कोथिंबीर खुडून राहिली होती. डोळे स्वच्छ, टपोरे. आत्या बांधावरच बसली. साऱ्या गल्लीत एकच पोट्टी वाचली, आन् तिलेच आत्यानं बोट लावलं नव्हतं. आत्या अडाणी होती, मूर्ख नव्हती.

घरी येऊन तिनं डबी उकिरड्यावर फेकली. रिठ्यानं हात धुतले. पाणी खळखळ उकळून गार केलं, जुनं लुगडं फाडून उकळलं. माझा एकेक डोळा वेगळ्या चिंधीनं पुसला आन् चिंध्या जाळल्या. डोळे चोळू दिले नाहीत. मंग उरलेल्या स्वच्छ चिंध्यांचं गाठोडं घेऊन ती अकराही घरी गेली.

"माह्याच बोटानं पसरलं हे," तिनं प्रत्येक दारात सांगितलं. "आता ज्याची चिंधी त्याले, अन् हात धुतल्याबिगर कोणी डोळ्याले हात लावू नका."

नत्थुजीच्या बायकोनं शिव्या घातल्या. आत्यानं खाली मान घालून ऐकल्या आन् चिंध्या ठेवून आली.

माझे डोळे वाचले. साऱ्यांचेच वाचले. पण आत्या मंग कोणाच्याच लेकराले हात लावीना. पोट्टी दारावरून गेली की हात पदराखाली घ्यायची. मले फार वाईट वाटे. मी स्वतः जाऊन तिच्या मांडीवर बसे, तरी ती गालाले हात लावत नसे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पार्बताबाई आमच्या दारात उभी. जमुनेच्या डोळ्यात तुरीचा भुसा गेला होता. गावात डोळा पाहणाऱ्या दुसऱ्याही बाया होत्या, पण ती आमच्याकडेच आली.

"आपली चूक दारोदार सांगणारी तूच एक पाह्यली," ती म्हणाली. "हात धू, अन् पाह्य माह्या पोरीचा डोळा."

आत्या मोरीवर गेली. गंज वेळ झाला तरी येईना, म्हणून मी पाहाले गेली. ती कोपरापर्यंत हात धुवून राहिली होती, पुन्हा पुन्हा, आन् रडत होती. बाहेर पार्बताबाई लेकीले मांडीवर घेऊन तिची वाट पाहत बसली होती, उठून गेली नाही.